विसरणे एक, प्रकार अनेक

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची गर्दी ओसरली होती. चाळिशीचे एक गृहस्थ एम.आर.आय.चे मोठे पाकीट घेऊन आत आले. मागोमाग त्यांचे वडील. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, वय ७१. गुरुजी खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच मुलाने पाकीट टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "डॉक्टर, आप्पांचा मेंदू आकसलाय असं रिपोर्टात आलंय. म्हणजे अल्झायमरच ना? आणि शेताच्या कामासाठी एक दाखला हवा होता. आप्पांना आता व्यवहार समजत नाहीत, एवढंच लिहून द्या."

गुरुजी सगळे ऐकत होते. बोलले काहीच नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

मी दाखला दिला नाही. का दिला नाही, हे सांगण्यासाठीच आजचा लेख. कारण "बाबा विसरायला लागलेत", "आईच्या काही लक्षात राहत नाही" ही तक्रार आता आठवड्यातून दोन-चारदा तरी कानावर येते. तक्रार एकच असते, पण तिच्यामागचे आजार निरनिराळे असतात. कुठे आजारच नसतो, कुठे तो महिनाभरात बरा होण्यासारखा असतो आणि कुठे खरोखरच सावध होण्याची वेळ आलेली असते. हे ओळखायचे कसे?

उंबरठ्यावरची अवस्था

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे, लग्नात भेटलेल्या माणसाचे नाव ओठावर येऊन अडणे, हे वयोमानाप्रमाणे चालायचेच. नाव थोड्या वेळाने आठवते, चष्मा सापडतो. याला आजार म्हणत नाहीत. दुसऱ्या टोकाला असतो डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. त्यात माणसाला रोजचे व्यवहार एकट्याने जमेनासे होतात. पैशाचा हिशेब, औषधे, घरचा रस्ता, पुढे पुढे तर अंघोळ आणि कपडेसुद्धा. अल्झायमर हे या स्मृतिभ्रंशाचे सर्वात मोठे कारण. सन १९०६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथील वैद्यकीय सभेत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी अशा एका स्त्री रुग्णाची हकिकत प्रथम मांडली आणि पुढे आजाराला त्यांचेच नाव मिळाले.

या दोन टोकांच्या मध्ये एक पट्टा आहे. माणूस नेहमीपेक्षा जास्त विसरतो, घरच्यांच्याही ते लक्षात येते, चाचणीतही कमी पडतो. पण स्वतःचे सगळे स्वतः करतो. बाजारहाट करतो, बँकेत जातो, पाहुण्यांची विचारपूस करतो. या अवस्थेला इंग्रजीत 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट', थोडक्यात 'एम.सी.आय.' म्हणतात. आपण तिला 'उंबरठ्यावरची अवस्था' म्हणू. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील डॉ. पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिच्या ओळखीच्या खुणा सविस्तर मांडल्या. तेव्हापासून तिच्याकडे स्वतंत्रपणे पाहिले जाऊ लागले.

उंबरठा म्हटला की माणूस आत जाईलच असे नाही. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात असे दिसले की पासष्टीच्या पुढच्या अशा १०० माणसांपैकी सुमारे १५ जणांना दोन वर्षांत स्मृतिभ्रंश जडला. बाकीचे तिथेच राहिले आणि काही तर पुन्हा पूर्ववत झाले. कोण कुठल्या वाटेने जाईल, याचा अंदाज बांधायचा तर आधी प्रकार ओळखावा लागतो.

दोन प्रश्न, चार प्रकार

पीटरसन यांनी सुरुवातीला स्मरणशक्तीवर भर दिला होता. पण मेंदूचे काम म्हणजे केवळ आठवण नव्हे. लक्ष देणे, बेत आखणे, भाषा, नजरेने अंतर आणि आकार ओळखणे ही सगळी त्याचीच खाती. म्हणून २००३ मध्ये स्टॉकहोम येथे जमलेल्या तज्ज्ञांनी दोन प्रश्नांवरून चार प्रकार ठरवले. पहिला प्रश्न : स्मरणशक्ती बिघडली आहे काय? दुसरा : एकच खाते बिघडले आहे की अनेक? स्मरणाचा एकट्याचा बिघाड, स्मरणासह इतर बिघाड, स्मरण शाबूत पण दुसरे एक खाते बिघडलेले, आणि स्मरण शाबूत पण इतर अनेक खाती बिघडलेली, असे हे चार.

स्मरणाचा बिघाड असेल तर पुढे अल्झायमरकडे जाण्याचा कल जास्त. स्मरण शाबूत राहून दुसरी खाती बिघडली असतील तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार, 'ल्यूई बॉडी' नावाचा आजार किंवा मेंदूच्या पुढच्या भागाची झीज यांची शंका घ्यावी लागते. हा कल आहे, कायदा नव्हे, हेही लगेच लक्षात ठेवावे.

पुस्तकातले हे प्रकार प्रत्यक्षात कसे दिसतात, ते तीन रुग्णांवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कागद दप्तरी लागलाच नाही

पहिले हे गुरुजी. मी मुलाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि गुरुजींना पाच साधे शब्द सांगितले. दोनदा म्हणवून घेतले. त्यांनी बिनचूक म्हटले. मग पाच-सात मिनिटे दुसरी कामे दिली. घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची होती. त्यांनी फळ्यावर काढावे तसे सुबक घड्याळ काढले, काटे अचूक. शंभरातून सात-सात वजा करत गेले, एकदाही चुकले नाहीत. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला लावली, ती भराभर सांगितली.

नंतर विचारले, "गुरुजी, मघाचे पाच शब्द?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. "कुठले शब्द?"

मी खूण दिली, "त्यात एक फळ होतं." आठवेना. मग पर्याय दिले, "आंबा, पेरू की केळं?" त्यांनी चुकीचे फळ निवडले. एकाही खुणेचा उपयोग झाला नाही.

येथे खरी मेख आहे. कार्यालयात कागद हरवतो तो दोन प्रकारे. एक, कागद दप्तरात लागलेलाच असतो, पण कारकुनाला वेळेवर सापडत नाही. नेमका गठ्ठा दाखवला की तो काढून देतो. दोन, कागद दप्तरी लागलाच नाही. मग कितीही गठ्ठे दाखवा, मिळणार कुठून? गुरुजींचा बिघाड दुसऱ्या प्रकारचा होता. शब्द कानात गेले, तोंडाने म्हटले गेले, पण साठवले गेले नाहीत. नव्या आठवणी साठवण्याचे काम मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे असलेला 'हिप्पोकॅम्पस' नावाचा भाग करतो. त्याचा आकार समुद्री घोड्यासारखा दिसतो, म्हणून हे ग्रीक नाव. अल्झायमरची झीज सामान्यतः याच परिसरात लवकर सुरू होते. म्हणून खुणेनेही न आठवणे याला आम्ही महत्त्व देतो.

गुरुजींचा प्रकार ठरला : स्मरणाचा एकट्याचा बिघाड.

कागद आहे, पण सापडत नाही

दुसरे किराणा दुकानदार, वय ६६. पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखूची सवय. पत्नी म्हणाली, "डॉक्टर, ह्यांना काही आठवतच नाही हो. उधारीची वही समोर असून तास-तास बसतात."

त्यांनाही तेच पाच शब्द दिले. नंतर आपण होऊन दोनच सांगता आले. पण खूण दिल्याबरोबर उरलेले तिन्ही निघाले. म्हणजे कागद दप्तरात होता. मात्र घड्याळाचे चित्र बिघडले. बाराही आकडे एका बाजूला दाटले आणि काटा अकराकडून दहाच्या आकड्याकडे गेला. 'दहा मिनिटे' म्हणजे काटा दोनवर, ही फिरवाफिरव त्यांना जमली नाही. एका मिनिटात जेमतेम सात प्राणी. एक आकडा, एक अक्षर, पुन्हा आकडा, पुन्हा अक्षर अशा क्रमाने ठिपके जोडायला दिले तर मध्येच अडकले. सगळे काम सावकाश, जणू बैलगाडी चिखलातून ओढावी तसे.

त्यांच्या घरचे 'विसरतात' म्हणत होते, पण बिघाड आठवणीचा नव्हताच. बिघाड होता तो लक्ष, वेग आणि बेत आखणे या खात्यांचा. अशा वेळी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांकडे बोट जाते आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू ही त्रयी त्या शंकेला बळ देते.

याच गटातला आणखी एक प्रकार सांगून ठेवतो. रुग्णाला ठिपके जोडणे, दोन चौकोन एकमेकांत गुंतवून काढणे अजिबात जमत नाही, नसलेली माणसे किंवा जनावरे दिसतात, एखादा दिवस अगदी चांगला तर दुसरा अगदी वाईट जातो, आणि झोपेत हातपाय झाडणे, ओरडणे हे वर्षानुवर्षे चालू असते. हे सारे एकत्र दिसले तर 'ल्यूई बॉडी' आजाराचा विचार करावा लागतो. अशा रुग्णांना भ्रमावरची काही औषधे फार बाधतात. म्हणून "आजोबांना भूतबाधा झाली" म्हणून देवऋष्याकडे नेऊ नये आणि मनाने झोपेच्या गोळ्याही देऊ नयेत.

माझी चूक

तिसऱ्या एक मावशी, वय ६८. ही हकिकत जुनी आहे आणि माझ्या चुकीची आहे. तीन आठवड्यांत त्यांचे विसरणे वाढले होते. भाजीत दोनदा मीठ पडे, दुपारीच झोपून जात, चालताना तोल जाई. सुनेने आणले तेव्हा मी रक्तदाब पाहिला आणि म्हणालो, "वय झालंय, आराम करू द्या." शक्तीची गोळी लिहून दिली.

दहा दिवसांनी सून परत आली. तेव्हा कुठे मी विचारायचे ते विचारले, "कधी पडल्या होत्या का?" दोन महिन्यांपूर्वी अंगणात पाय घसरून पडल्या होत्या, डोक्याला टेंगूळ आले होते, चार दिवसांत बसले म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. त्याच दिवशी सी.टी. स्कॅनला पाठवले. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचून मेंदू दाबला गेला होता. शल्यचिकित्सकांनी ते काढले. महिनाभरात मावशी पूर्वीसारख्या स्वयंपाक करू लागल्या.

मी आणखी दोन आठवडे 'वय झालंय' म्हणत राहिलो असतो तर? तेव्हापासून एक नियम केला. विसरणे वर्षांत नव्हे तर आठवड्यांत वाढले असेल, तर ते म्हातारपण नव्हे. ताबडतोब तपासलेच पाहिजे.

छायाचित्र काय सांगते?

आता मेंदूच्या छायाचित्रांकडे वळू. सी.टी. स्कॅन क्ष-किरणांनी होतो, लवकर होतो, स्वस्त पडतो आणि बऱ्याच जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. साचलेले रक्त, गाठ, मोठा झटका, मेंदूत साठलेले पाणी हे त्यात कळते. म्हणजे 'दुसरे काही नाही ना?' या प्रश्नाचे उत्तर तो देतो.

एम.आर.आय. चुंबकाच्या साहाय्याने होतो. त्यात बारकावे दिसतात. विस्मरणाच्या रुग्णात आम्ही त्यात मुख्यतः दोन गोष्टी पाहतो. पहिली, हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग किती आकसला आहे. त्याला ० ते ४ असे गुण देण्याची पद्धत १९९२ पासून प्रचलित आहे. दुसरी, मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात रक्तवाहिन्यांच्या आजाराचे डाग किती आहेत. त्यालाही ० ते ३ अशी मोजणी आहे, ती १९८७ ची. गुरुजींच्या एम.आर.आय.मध्ये हिप्पोकॅम्पस दोन्हीकडे आकसलेला होता आणि डाग नगण्य होते. दुकानदारांच्या फिल्ममध्ये नेमके उलटे. हिप्पोकॅम्पस बऱ्यापैकी भरलेला, पण पांढऱ्या भागात डाग पसरलेले आणि लहान-लहान जुन्या झटक्यांच्या खुणा. चाचणीने जिकडे बोट दाखवले, तिकडेच फिल्मनेही दाखवले. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली की निदानाला बळकटी येते.

एम.आर.आय.ला जाताना हृदयाला पेसमेकर बसवला असेल किंवा शरीरात धातूचा तुकडा असेल तर आधी सांगावे. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते 'मेंदूचा एम.आर.आय.' नको, 'विस्मरणाची तक्रार, हिप्पोकॅम्पस पाहावा' एवढे जरूर असावे. त्यासाठी फिल्म वेगळ्या कोनातून, कपाळाला समांतर अशा कापांची घ्यावी लागते. चिठ्ठीत कारण नसेल तर नेमके तेच राहून जाते.

तिसरा आहे पेट स्कॅन, तो मोठ्या शहरांतच. किरणोत्सारी साखर टोचून मेंदूचा कुठला भाग ती किती वापरतो हे पाहतात. अल्झायमरमध्ये कानशिलामागचा आणि माथ्याकडचा भाग कमी साखर घेतो. ल्यूई बॉडीमध्ये त्याच्या जोडीला डोक्याच्या मागचा, दृष्टीचे काम करणारा भागही मंदावतो. मेंदूत साठणारे 'अमायलॉइड' नावाचे प्रथिन दाखवणारा वेगळा पेट स्कॅनही आहे. सन २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते याच प्रथिनावर काम करते, म्हणून ते प्रथिन आहे हे सिद्ध झाल्याशिवाय देता येत नाही. त्याने आजार बरा होत नाही, त्याची गती काहीशी मंदावते, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. प्रत्येक विसराळू माणसाला पेट स्कॅनची गरज मुळीच नाही.

नुसत्या फिल्मवर जाऊ नका

गुरुजींच्या मुलाची चूक इथे झाली. रिपोर्टात 'वयानुसार मेंदूचा आकस' असे शब्द होते. सत्तरीच्या पुढच्या बहुतेक रिपोर्टांत ते असतात, जसे केस पिकतात तसे. त्यावरून माणसाची बुद्धी ठरत नाही.

याचा एक विलक्षण पुरावा आहे. अमेरिकेत डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास सुरू केला. पंचाहत्तरीच्या पुढच्या ६७८ भगिनींनी दरवर्षी चाचण्या देण्याचे आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी देण्याचे कबूल केले. काही भगिनींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. पण त्या शेवटपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होत्या. म्हणजे मेंदूत खुणा असणे आणि माणूस आजारी असणे या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत. छायाचित्र कारण सुचवते. माणूस कसा वागतो-बोलतो, हे माणसालाच विचारावे लागते.

गुणांचाही अर्थ लावावा लागतो

उलट बाजूने, नुसत्या गुणांवरही जाऊ नये. सर्वात जुनी प्रचलित चाचणी १९७५ ची, ३० गुणांची. उंबरठ्यावरच्या अवस्थेत ती बरेचदा फसते, कारण शिकलेला माणूस २८-२९ गुण सहज मिळवतो. म्हणून २००५ मध्ये 'मोका' नावाची जरा अवघड, पण ३० गुणांचीच चाचणी आली. तिच्यात २६ च्या खाली गेल्यास पुढे तपासावे, असा मूळ संकेत आहे.

पण आपल्याकडे मोठी अडचण आहे. ज्या आजीने कधी पेन्सिल धरली नाही, तिला घड्याळ काढायला सांगून काय कळणार? ती नापास झाली तर दोष तिच्या मेंदूचा की आपल्या शाळांचा? हरियाणातील बल्लभगढ येथे झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात या प्रश्नावर उत्तर शोधले गेले. तेथे निरक्षरांसाठी जुन्या चाचणीचे हिंदी रूप तयार झाले, ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तारखेऐवजी सकाळ की संध्याकाळ, लिहिलेली आज्ञा वाचण्याऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा', वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा', असे बदल केले. मीसुद्धा आजीबाईंना सणांचा क्रम, लेकी-सुनांची माहेरे, पुरणपोळीची कृती विचारतो. गणपती आधी की दिवाळी, हे चुकले तर ते शाळेचे काम नाही.

चाचणीआधी आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात. ऐकू येते ना? ऐकूच आले नाही तर आठवणार काय? डोळ्यांत मोतीबिंदू आहे का? मन खचले आहे का? जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्य हुबेहूब विसराळूपणासारखे दिसते. आणि कोणती औषधे चालू आहेत? झोपेच्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या बुद्धी मंद करतात. रक्तात ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासणे तर अत्यावश्यक. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव मला वारंवार सापडते आणि ती वेळेवर भरून काढली तर माणूस सुधारतो.

मग करायचे काय?

उंबरठ्यावरच्या अवस्थेत स्मरणशक्ती परत आणील अशी गोळी नाही. जाहिरातीतल्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. स्मृतिभ्रंशात ज्या गोळ्या देतात, त्यांचा या पायरीवर फायदा सिद्ध झालेला नाही. पण म्हणून हात बांधून बसायचे कारण नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये सांगितले की जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश १४ कारणे दूर केली तर टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, धूम्रपान, दारू, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकटेपणा ही त्यांतली आपल्या हातातली. दुकानदारांचा रक्तदाब आणि साखर आता ताब्यात आहे, तंबाखू सुटली आहे. त्यांची घसरण वर्षभर थांबलेली आहे. ज्या प्रकारात रोखण्यासारखे सर्वात जास्त आहे, तो हाच.

गरज किती मोठी आहे, तेही पाहा. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या २०२३ च्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या १०० पैकी ७ हून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. उंबरठ्यावरचे वेगळेच.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारला जात असेल. परवाचे लग्न किंवा मयत आठवण करून दिली तरी आठवत नसेल. ओळखीच्या रस्त्यावर चुकले असतील. नेहमीचा हिशेब किंवा स्वयंपाक बिघडू लागला असेल. किंवा शांत माणूस अचानक चिडका, बेपर्वा झाला असेल, तर तपासून घ्यावे. डोक्याला मार, ताप, एका बाजूची कमजोरी, असह्य डोकेदुखी किंवा आठवड्यांत वाढलेले विस्मरण असेल, तर त्याच दिवशी. येताना सगळी औषधे पिशवीत घालून आणावीत आणि घरात जो सर्वात जास्त वेळ बरोबर असतो, त्याला आणावे. मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलापेक्षा रोज जेवू घालणाऱ्या सुनेची साक्ष मला जास्त मोलाची वाटते. पहिल्या तपासणीत शंका उरली तर सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी. एका चाचणीपेक्षा दोन चाचण्यांमधला फरक जास्त बोलतो.

आता त्या दाखल्याकडे येतो. मी मुलाला आत बोलावले आणि गुरुजींच्या समोरच सांगितले, "आप्पांना नवीन गोष्टी लक्षात ठेवायला त्रास होतो, हे खरं आहे. पुढे आजार वाढण्याचा धोका आहे, हेही खरं. पण आज त्यांना शेत किती, कुणाचं, ते कुणाला द्यायचं आणि दिल्यावर काय होईल, हे सगळं समजतं. मी विचारून पाहिलंय. विसरणं वेगळं आणि न समजणं वेगळं. जे समजतं, ते समजत नाही असं मी लिहिणार नाही."

मुलगा थोडा वरमला. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला होता. गुरुजींनी चष्मा लावला आणि म्हणाले, "मग डॉक्टर, जे ठरवायचं ते आत्ताच ठरवायला हवं, असंच ना?"

मी म्हणालो, "होय गुरुजी. आणि ते तुम्हीच ठरवायचं."

परवा ते पुन्हा आले, खिशात लहान डायरी घेऊन. औषधाच्या वेळा, कोण भेटले, कुणाला काय सांगितले, सारे सुवाच्य अक्षरात. वकिलांकडे जाऊन मृत्युपत्राचा मसुदा केल्याचीही नोंद होती, तारखेसह. जी आठवण मेंदूत राहत नाही, ती त्यांनी कागदावर ठेवायला सुरुवात केली आहे. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची आहे, हेही त्यांनी माझ्यासमोरच लिहून घेतले.

उंबरठ्यावर असताना निदान होण्याचा खरा फायदा हाच. माणूस स्वतः हजर असतो, त्याला विचारता येते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचे विसरणे 'वय झालंय' म्हणून झटकू नका, आणि एका फिल्मवरून त्यांना जमेतून वजाही करू नका.